चार्टर शाळांची कपात आणि राज्याचा परतावा: चेरी शीटमधला हा हिशेब कसा वाचावा?

नवा करदाता

नमस्कार. मॅसॅच्युसेट्समधील एका मध्यम आकाराच्या गावात आम्ही नऊ वर्षांपासून राहतो. गेल्या वर्षी मतदार म्हणून नाव नोंदवले आणि या वर्षी टाऊन मीटिंगपूर्वी (म्हणजे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या गावकऱ्यांच्या सभेपूर्वी) घरी आलेले गावाचे अंदाजपत्रक पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचले. शेवटी जोडलेल्या तक्त्यात, ज्याला इथे सगळे 'चेरी शीट' म्हणतात, राज्याकडून गावाला येणाऱ्या रकमा एका बाजूला आणि राज्याने गावाकडून कापून घेतलेल्या रकमा दुसऱ्या बाजूला मांडलेल्या आहेत. कपातीच्या बाजूला चार्टर शाळांपोटी (सार्वजनिक पैशावर, पण स्वतःच्या मंडळाकडून चालवल्या जाणाऱ्या शाळांपोटी) १४ लाख डॉलर दिसतात आणि जमेच्या बाजूला 'चार्टर परतावा' म्हणून दीड लाखाच्या आसपास रक्कम आहे. गावातील ७० मुले चार्टर शाळांत जातात, असे त्याच पानावर नमूद केले आहे.

मागच्या आठवड्यातील सभेत एका गृहस्थांनी चार्टर शाळा आपले पैसे पळवतात असे सांगितले. त्यावर दुसरे उठून म्हणाले की राज्य १०० टक्के भरपाई देते, तेव्हा ओरड कशाला. दोघेही बरीच वर्षे गावाच्या कारभारात आहेत, त्यामुळे कोणालाच अडाणी म्हणवत नाही. परंतु दीड लाख हे १४ लाखांचे १०० टक्के कसे होतात, हे मला काही केल्या उमगले नाही. शिवाय ७० मुले गावाच्या शाळेला शिकवावी लागत नसतील, तर तेवढा खर्चही वाचायला हवा. मग परताव्याचा प्रश्न मुळात उद्भवतोच कसा? चार्टर शाळा चांगल्या की वाईट, या वादात मला शिरायचे नाही. हिशेब समजून घ्यायचा आहे.

जमाखर्च

मी आमच्या गावाच्या वित्त समितीवर सहा वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करतो आहे, आणि पहिल्या वर्षी याच ओळीपाशी मीही अडलो होतो. (चेरी शीट हे नाव कागदाच्या रंगावरून पडले, पूर्वी हा तक्ता चेरीसारख्या लाल कागदावर छापून येत असे.)

सभेत बोललेले दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, कारण '१०० टक्के' कशाचे, हे दोघांनीही सांगितले नाही. मात्र आधी कपात कशी होते ते पाहू. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने चार्टर शाळांना मान्यता दिली आणि १९९५ मध्ये पहिल्या शाळा उघडल्या. या शाळांचे दोन प्रकार आहेत. होरेस मान चार्टर शाळांचा पैसा स्थानिक डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावाच्या नेहमीच्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, अंदाजपत्रकातूनच जातो, म्हणून त्या आपण बाजूला ठेवू. तुमच्या तक्त्यातील ओळ आहे ती कॉमनवेल्थ चार्टर शाळांची. या शाळांना करवसुलीचा अधिकार नाही आणि त्यांच्यासाठी राज्याने वेगळी मोठी तिजोरीही ठेवलेली नाही. मूल ज्या गावचे, त्या गावाच्या वाट्याच्या राज्य मदतीतून त्या मुलाची फी राज्य परस्पर वळती करून घेते आणि शाळेला देते. गाव धनादेश लिहीत नाही. पैसा गावात पोहोचण्याआधीच कापला जातो.

येथे एक बारकावा आहे, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. चार्टर शाळेत गेलेले मूल 'चॅप्टर ७०' या मुख्य शिक्षण मदतीच्या हिशेबात तुमच्या गावाच्या पटावरच मोजले जाते. म्हणजे आधी त्या मुलाला धरून गावाची मदत ठरते आणि मग त्याची फी त्यातून वजा होते. ऐकायला हे सरळ वाटते, पण मदत आणि फी यांची मापे वेगळी आहेत. फी ठरवताना त्या इयत्तेच्या आणि त्या गरजेच्या मुलासाठी राज्याने ठरवलेला मूळ खर्च घेतला जातो. तुमचे गाव त्या मूळ खर्चापेक्षा जितके टक्के जास्त खर्च करते, तितकी वाढ त्यात धरली जाते, आणि वर इमारतीसाठी दरडोई ठरावीक रक्कम मिळवली जाते. थोडक्यात, फीमध्ये राज्याचा आणि गावाच्या मालमत्ता कराचा, असा दोन्हींचा वाटा आहे. राज्याची मदत मात्र गावाच्या ऐपतीप्रमाणे कमीजास्त असते. समजा एखाद्या सधन गावाला दर मुलामागे ५,००० डॉलर मदत मिळते आणि चार्टरची फी २०,००० आहे. तर उरलेले १५,००० त्या गावाला मिळणाऱ्या इतर मुलांच्या मदतीतून जातात, आणि ते खड्डे शेवटी मालमत्ता कराने भरावे लागतात. त्यातून ज्या गावांची मदत सूत्राप्रमाणे वाढत नाही, फक्त दरवर्षीच्या किमान वाढीवर चालते, तिथे पटावर एक मूल वाढले म्हणून राज्याकडून मोठी रक्कम वाढून येत नाही. पूर्वी खासगी शाळेत असलेले मूल चार्टर शाळेत आले की अशा गावाला फीची कपात जवळजवळ पूर्ण सोसावी लागते, कारण ते मूल गावाच्या शाळेत कधी नव्हतेच आणि त्याच्या जाण्याने काही वाचलेलेही नाही.

आता परतावा. १०० टक्के मिळतात ते एकूण फीचे नव्हेत, तर मागील वर्षापेक्षा झालेल्या वाढीचे. २०१९ च्या स्टुडंट ऑपॉर्च्युनिटी ॲक्टप्रमाणे वाढ झालेल्या वर्षी त्या वाढीचे १०० टक्के, पुढच्या वर्षी ६० टक्के आणि त्याच्या पुढच्या वर्षी ४० टक्के मिळतात, आणि तिथे ते प्रकरण संपते. तुमचेच आकडे घेऊ. समजा दोन वर्षांपूर्वी मुले ६० वरून ७० झाली आणि फी दर मुलामागे २०,००० धरली, तर कपात १२ लाखांवरून १४ लाखांवर गेली. वाढ २ लाखांची. त्या वर्षी २ लाख परत आले, नंतर १ लाख २० हजार, आणि आता ८० हजार. पुढच्या वर्षी शून्य. कपात मात्र दरवर्षी १४ लाखांचीच राहील. इमारतीपोटीची रक्कम राज्य दरवर्षी प्रत्येक मुलामागे पूर्ण परत करते. ती बरीच वर्षे ८९३ डॉलर होती आणि नंतर वाढवली गेली. हिशेबापुरते हजार धरले तर ७० मुलांचे ७० हजार होतात. ८० आणि ७० मिळून तुमचे दीड लाख जुळतात. खात्री करायची असेल तर मागील तीन वर्षांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवा.

हा परतावा भरपाई नसून मुदतीचा आधार आहे, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. दहा मुले गेली म्हणजे एक तुकडी गेली असे होत नाही. बालवाडीपासून बारावीपर्यंत तेरा इयत्ता. कुठे एक मूल कमी, कुठे दोन, कुठे एकही नाही. तिसरीच्या वर्गात तेवीसऐवजी बावीस मुले बसली तरी शिक्षिका तीच, खोली तीच, खोलीची हीटिंगही तीच, आणि बस त्याच रस्त्याने त्याच वेळी फिरते. फी मात्र सरासरीने कापली जाते. एखादी तुकडी बंद करणे, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची जागा न भरणे, दोन शाळांचे वर्ग एकत्र करणे, यांना दोन-तीन वर्षे लागतात. तेवढा अवधी मिळावा म्हणून हा उतरता परतावा आहे. माझे स्वतःचे मत असे की मोठ्या शहराला तीन वर्षे पुरतात. लहान गावात तुकडीच एक असेल तर दहा वर्षे दिली तरी ती अर्धी करता येत नाही.

एक गमतीची गोष्ट सांगून थांबतो. २०१० च्या कायद्यात पहिल्या वर्षी १०० टक्के आणि पुढील पाच वर्षे प्रत्येकी २५ टक्के असे सूत्र होते. बेरीज केली तर ती २२५ होते; आताच्या सूत्राची बेरीज २००. कागदावर जुने सूत्र उदार होते, परंतु विधिमंडळ त्यासाठी पूर्ण तरतूद करीत नसे आणि अंदाजपत्रकात धरलेली रक्कम प्रत्यक्षात कमी येत असे. २०१९ च्या कायद्याने ७५, ९० आणि १०० टक्के अशा तीन वर्षांच्या टप्प्यांत पूर्ण तरतुदीचे वेळापत्रक घातले. वित्त समितीला उदार सूत्रापेक्षा वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे येणारा पैसा अधिक प्यारा असतो.

एक पालक

जमाखर्च यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु त्यातील एका शब्दाला माझा आक्षेप आहे. 'खड्डे' म्हटले की पैसे कोणीतरी उकरून नेले असा भास होतो. माझी दोन्ही मुले कॉमनवेल्थ चार्टर शाळेत आहेत आणि काही काळ मी त्या शाळेच्या विश्वस्त मंडळावरही होते. ही सार्वजनिक शाळा आहे. प्रवेश सोडतीने मिळतो, पालकांकडून फी घेतली जात नाही, आणि आम्हीही त्याच गावात मालमत्ता कर भरतो. आमच्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा आमच्या मुलांबरोबर जातो, एवढेच घडते.

आमच्या बाजूचा ताळेबंदही पाहावा. डिस्ट्रिक्टला नवी शाळा बांधायची असेल तर राज्याच्या स्कूल बिल्डिंग ऑथॉरिटीकडून अनुदान मिळू शकते. कॉमनवेल्थ चार्टर शाळांना तो मार्ग खुला नाही. मी मंडळावर असताना आमची शाळा एका जुन्या कार्यालयीन इमारतीत भाड्याने होती, आणि दरडोई मिळणाऱ्या इमारत रकमेत निम्मे भाडेही निघत नसे. उरलेले भाडे शिकवण्याच्या पैशातून जाई. जिमखाना नव्हताच, मुले वाहनतळावर आखलेल्या रेघांमध्ये खेळत. मंडळाच्या बैठकीत भाड्याची ओळ आली की सगळे चष्मे पुसू लागत.

दुसरे असे की, शिकवत नसलेल्या मुलांपोटी तीन वर्षे पैसे मिळणे ही सवलत साधी नाही. तुकडी अर्धी करता येत नाही, हे मान्य. पण सहा-सहा वर्षे चार्टरचा आकडा स्थिर असूनही पटानुसार काहीच फेररचना न करणारी आणि दर मार्चमध्ये चार्टर शाळांकडे बोट दाखवणारी गावे मी पाहिली आहेत. २०१६ च्या सार्वमतात, वर्षाला बारापर्यंत नव्या किंवा विस्तारित चार्टर शाळांना परवानगी देणारा प्रस्ताव सुमारे ६२ टक्के मतांनी फेटाळला गेला. त्या प्रचारात आमच्या दारावर आलेले बहुतेक लोक शिक्षणाविषयी नव्हे, या चेरी शीटच्या ओळीविषयीच बोलत होते, आणि वाढीचे १०० टक्के परत मिळतात हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

जमाखर्च

ताई, शब्द मागे घेतो. भाड्याचा मुद्दा रास्तच आहे आणि आमच्या बैठकांत तो कधी येत नाही, कारण ती ओळ आमच्या कागदावर नसते.

मात्र फेररचनेबाबत एक अडचण सांगतो. चार्टरकडे किती पैसा जाऊ शकतो याला मर्यादा आहे: सर्वसाधारणपणे डिस्ट्रिक्टच्या निव्वळ शालेय खर्चाच्या ९ टक्के, आणि निकालात सर्वांत मागे असलेल्या १० टक्के डिस्ट्रिक्टमध्ये १८ टक्के. या दुसऱ्या गटातील शहरांत मुले दरवर्षी थोडी थोडी वाढत जातात, त्यामुळे कोणत्या वर्षी थांबून फेररचना करावी हे ठरवणे खरोखर कठीण होते. स्थिर आकड्याच्या गावांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे.

नवा करदाता

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. परताव्याचे दीड लाख शाळा समितीच्या हाती पडतात का? सभेत शाळांच्या अधीक्षकांनी तो पैसा आम्हाला दिसतच नाही, असे सांगितल्याचे आठवते.

जमाखर्च

अधीक्षकांचे म्हणणे खरे आहे. तुमची शाळा गावाच्या मालकीची असेल तर परतावा गावाच्या सर्वसाधारण निधीत जमा होतो. शाळा समितीला मिळते ते टाऊन मीटिंगने मंजूर केलेले अंदाजपत्रक. त्या मंजुरीत परताव्याचा विचार करायचा की नाही, हे वित्त समिती आणि सभेने ठरवायचे असते. अनेक गावांची मिळून प्रादेशिक डिस्ट्रिक्ट असेल तर कपात आणि परतावा थेट त्या डिस्ट्रिक्टच्या हिशेबात येतात, आणि तिथे हा संभ्रम होत नाही. गावाच्या बाबतीत मात्र असे घडते की कपात वाढली की दुःख शाळेच्या वाट्याला येते, आणि परतावा आला की तो अग्निशमन दल, रस्ते, वाचनालय या सगळ्यांबरोबर एकाच पिशवीत पडतो. १९८० च्या 'प्रपोझिशन टू अँड अ हाफ' या कायद्यामुळे गावाला नव्या बांधकामाची भर सोडून करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यापलीकडे जायचे तर मतदान घ्यावे लागते. म्हणून त्या पिशवीवर सगळ्यांचाच डोळा असतो.

शिवाय चेरी शीटवरील चार्टरचे आकडे वर्षभर बदलत राहतात. वसंत ऋतूत आपण पाहतो तो अंदाज असतो. मुले प्रत्यक्षात कुठे गेली हे कळत जाते तशी कपात आणि परतावा दोन्ही सुधारले जातात. म्हणून या ओळीत थोडी शिल्लक ठेवून अंदाजपत्रक करावे, असा माझा आग्रह असतो आणि तो दरवर्षी निम्माच मान्य होतो.

हिशेबनीस, पेनसिल्व्हेनिया

ही चर्चा वाचून थोडा हेवा वाटला. मी पेनसिल्व्हेनियातील एका डिस्ट्रिक्टच्या हिशेब विभागात काम करते. आमच्याकडे १९९७ च्या कायद्याप्रमाणे चार्टर शाळेला डिस्ट्रिक्ट स्वतः पैसे देते. दर महिन्याला प्रत्येक शाळेकडून देयक येते, सोबत मुलांची यादी आणि प्रवेशाच्या तारखा असतात. ते मूल आजही आमच्या हद्दीत राहते का, हे आम्ही पत्ता पत्ता करून तपासतो. सप्टेंबरमध्ये माझ्या टेबलावर या याद्यांचा एवढा ढीग असतो की डबा खायला खिडकीत जावे लागते. देयक दिले नाही तर शाळा राज्याकडे जाते आणि राज्य आमच्या मदतीतून तेवढी रक्कम कापून घेते, म्हणजे शेवटी तुमच्यासारखेच.

दर मात्र वेगळ्या रीतीने ठरतो. डिस्ट्रिक्ट स्वतःच्या मुलांवर दरडोई जो खर्च करते, त्यातून काही बाबी वजा करून चार्टरचा दर निघतो. राज्यात ५०० डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणून दरही ५००. घरी बसून संगणकावर शिकवणाऱ्या एकाच सायबर चार्टर शाळेत, त्याच वर्गात असलेल्या दोन मुलांपोटी दोन डिस्ट्रिक्ट वेगवेगळी रक्कम देतात, आणि शाळेचा खर्च तर दोघांवर सारखाच होतो. याचे समर्थन मी आजवर कोणाकडून ऐकलेले नाही.

विशेष शिक्षणाचे सूत्र त्याहून नवलाचे आहे. इमारतीत भरणाऱ्या चार्टर शाळांसाठी डिस्ट्रिक्टचा विशेष शिक्षणावरील खर्च प्रत्यक्ष तशा मुलांच्या संख्येने न भागता एकूण पटाच्या १६ टक्क्यांनी भागतात. समजा पट १,००० आहे, विशेष गरजेची मुले २०० आहेत आणि त्यांच्यावरील खर्च ४० लाख आहे. प्रत्यक्ष खर्च दर मुलामागे २०,००० झाला. सूत्र मात्र १६० ने भागते आणि २५,००० काढते, आणि ही रक्कम नेहमीच्या दरावर वाढवून द्यायची असते. आठवड्यातून एकदा वाचा-उपचार घेणारे मूल असो की दिवसभर मदतनीस लागणारे, दर तोच. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुले १६ टक्क्यांहून कमी आहेत, तिथे उलट चार्टर शाळेला कमी मिळते. म्हणजे सूत्र कोणाच्याच बाजूचे नाही, ते फक्त चुकीचे आहे.

आणि परतावा? पूर्वी राज्य चार्टर खर्चाचा काही भाग डिस्ट्रिक्टना परत देत असे. २०१०-११ मध्ये ती तरतूद सुमारे २२ कोटी ४० लाख डॉलरची होती. २०११-१२ च्या अंदाजपत्रकात ती ओळच काढून टाकली गेली. उतरता दर नाही, मुदत नाही. एका वर्षी होती आणि पुढच्या वर्षी नव्हती. आमच्यासारख्या डिस्ट्रिक्टनी ते पैसे मोठ्या प्रमाणात मालमत्ता करातून उभे केले. २०२४-२५ मध्ये सायबर चार्टरच्या खर्चापोटी १० कोटी डॉलरचा परतावा पुन्हा सुरू झाला. त्यामुळे तुमच्या १००-६०-४० ला नावे ठेवण्याआधी, ते कायद्यात लिहिलेले आहे याची किंमत जरूर लक्षात घ्यावी.

एक पालक

सायबर शाळांचा मुद्दा वेगळा आहे, हे चार्टरची बाजू घेणारी मीही मान्य करते. भाड्याच्या इमारतीत सहाशे मुलांना जेवू घालणारी शाळा आणि इमारतीविना चालणारी शाळा यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

नवा करदाता

काल रात्री मागील पाच वर्षांचे तक्ते काढून बसलो. जमाखर्च यांनी समजा म्हणून घेतलेले उदाहरण जवळजवळ तंतोतंत निघाले: मुले दोन वर्षांपूर्वी ६१ वरून ७० झाली, त्यानंतर आकडा हललेला नाही, आणि परतावा त्या वर्षीपासून पायरी पायरीने उतरतो आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मात्र वित्त समितीने परताव्याच्या ओळीत याच वर्षीचे दीड लाख जसेच्या तसे धरले आहेत. सूत्राप्रमाणे तिथे इमारतीपोटीची रक्कम सोडून काहीच येणार नाही. मंगळवारी समितीची बैठक आहे. तिथे मी एवढाच एक प्रश्न विचारणार आहे आणि पाच वर्षांचा तक्ता एका पानावर छापून नेणार आहे.

जमाखर्च

दोन प्रती जास्त न्या. अध्यक्षांच्या हातातील प्रत नेहमी हरवते.